कॅमेऱ्यापासून लांब ठेवलेला फ्लॅश कमी पैशात उडवायचा कसा

फ्लॅश उडाला, सगळ्यांनी बघितला, नवरीच्या मावशीनं डोळे पण मिटले, आणि मी कॅमेऱ्याच्या मागं बघतोय तर फोटो काळाकुट्ट. परत मारला, परत तसंच. खानापूर तालुक्यातलं एक खेडं, हळदीचा कार्यक्रम, फ्लॅश मी मांडवाच्या खांबाला चिकटपट्टीनं बांधलेला आणि तीस-चाळीस माणसं माझ्याकडं बघत थांबलेली. शेवटी फ्लॅश काढून परत कॅमेऱ्यावर चढवला आणि गपगुमान सगळे फोटो समोरून मारले. नेमकं काय चुकलं होतं ते मला दोन महिन्यांनी कळलं आणि तेवढ्यात मी दोन चुकीच्या वस्तू विकत घेऊन मोकळा झालो होतो. म्हणून हे लिहूलालोय, तुमचे तरी पैसे वाचूदेत.

ज्याच्याकडं साधा डीएसएलआर किंवा मिररलेस आहे, एखादा फ्लॅश आहे (किंवा घ्यायचाय), आणि ज्याला तो फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरून काढून बाजूला ठेवून उडवायचाय, त्याच्यासाठी हे आहे. बाजूला कशाला? कारण डोक्यावरचा फ्लॅश सरळ तोंडावर मारला की प्रत्येक माणूस आधार कार्डावरच्यासारखा दिसतोय, नाक सपाट, मागं भिंतीवर काळी सावली. तोच फ्लॅश दोन हात बाजूला आणि थोडा वर नेला की चेहऱ्याला उठाव येतोय. फ्लॅश तोच, खर्च फक्त तो लांबून उडवायचा.

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात बसवा, बाकीचं सोपं जातंय. फ्लॅशच्या पायाखाली मधोमध एक गोल टिकली असते आणि पाय ज्या पट्ट्यांत सरकतो तिथं कडेला दुसरा कॉन्टॅक्ट असतो. ह्या दोघांना एकमेकाला टेकवलं की फ्लॅश उडतो. बस्स, एवढंच हाय ते. कॅमेरा शटर उघडल्यावर हेच करतोय, आतल्या आत दोन टोकं जोडतोय. बाकीच्या ज्या तीन-चार बारक्या पिना दिसतात त्या टीटीएलसाठी, म्हणजे कॅमेरा लेन्समधनं उजेड मोजून फ्लॅशची पॉवर स्वतःच ठरवतोय त्यासाठी, पॉवर किती, झूम किती ह्या गप्पा मारायला, आणि त्या प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. म्हणजे तुम्हाला जे काही विकत घ्यायचंय, दोनशे रुपयांची वायर असो नाहीतर पाच हजारांचा ट्रिगर (फ्लॅश लांबून उडवणारी डबी), त्याचं मूळ काम हे दोन कॉन्टॅक्ट लांबून जोडणं. मग ते तारेनं जोडा, उजेडानं जोडा नाहीतर रेडिओनं.

आता ह्यात दोन भानगडी आहेत आणि दोन्ही पैसे घालवायच्या आधी तपासायच्या.

एक म्हणजे जुना फ्लॅश. घरात काकांचा-मामांचा फिल्मच्या काळातला फ्लॅश सापडतोय आणि फुकट मिळाला म्हणून आपण खुश. थांबा. जुन्या फ्लॅशमध्ये त्या मधल्या टिकलीवर भलतंच व्होल्टेज असायचं, व्हिविटार २८३ चे सुरुवातीचे पीस तर २०० व्होल्टच्या वर दाखवतात, आत्ताचे फ्लॅश पाच-सहा व्होल्टच्या आसपास असतात. आयएसओ ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या स्टँडर्डात (कॅमेऱ्यातला आयएसओ नव्हे) २४ व्होल्टची मर्यादा दिलीय. काही कॅमेरे २५० पर्यंत सोसतात पण तुमचा सोसतोय का हे मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय लावू नका. तपासायचं सोपं: फ्लॅशमध्ये नवीन सेल घाला, चालू करा, लाल दिवा लागू दे, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक काडी मधल्या टिकलीला आणि दुसरी कडेच्या कॉन्टॅक्टला. मीटर नसला तर जवळच्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं जावा, चहा पाजला की बघून देतोय. आणि फ्लॅश खोलायच्या नादाला अजिबात लागू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास साठलेलं असतंय आणि सेल काढल्यावर पण ते बराच वेळ तिथंच बसून असतंय. आमच्या ओळखीच्या एकानं हात घातला होता, स्क्रू ड्रायव्हर खोलीच्या दुसऱ्या टोकाला सापडला.

दुसरी भानगड कॅमेऱ्याची. कॅननच्या स्वस्तातल्या काही मॉडेलमध्ये, आपल्याकडं लई खपलेले १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू, हॉट शूमधली, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसतोय त्या जागेतली, ती मधली पिनच नाही. वरून बघा, मधे टिकली नसंल तर एका पिनवर चालणारे साधे ट्रिगर त्यावर उडणारच नाहीत, कितीपण शिव्या घाला. त्यांना कॅननच्या बाकीच्या पिनांशी बोलणारा, कॅननसाठीच बनवलेला ट्रिगर लागतोय, नाहीतर मी पुढं सांगतोय तो पॉप-अपचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या अंगच्या छोट्या फ्लॅशचा जुगाड. दुकानात जाताना आपला कॅमेरा बरोबर घेऊन जावा आणि तिथंच चढवून उडवून बघा. चालतंय सर, चालतंय म्हणणारा दुकानदार बऱ्याचदा स्वतः कधी उडवून बघितलेला नसतोय.

फुकटचा मार्ग: पॉप-अप फ्लॅश आणि डोळा असलेला फ्लॅश

तुमच्या बाहेरच्या फ्लॅशवर एस१, एस२ असं काही लिहिलेलं आहे का बघा. गोडॉक्स, योंगनुओच्या बऱ्याच साध्या मॅन्युअल (पॉवर हातानं ठरवायच्या) फ्लॅशवर असतंय. ह्याला ऑप्टिकल स्लेव्ह म्हणतात, फ्लॅशला एक डोळा असतोय, दुसरा कुठला फ्लॅश चमकला की हा पण लगेच चमकतोय. म्हणजे कॅमेऱ्याचा छोटा पॉप-अप उघडायचा, तो चमकला की त्याच्याबरोबर बाजूचा मोठा चमकणार. एक रुपया खर्च नाही. फ्लॅशला डोळा नसंल तर शेंगदाण्याएवढा वेगळा स्लेव्ह सेन्सर पण मिळतोय, तो फ्लॅशच्या सिंक सॉकेटला लावायचा.

आणि माझा हळदीचा काळा फोटो इथंच झाला होता. कॅमेऱ्याचा पॉप-अप टीटीएलवर असला की तो एकदा नाही, दोनदा चमकतोय. पहिली बारीक चमक उजेड मोजायला, आणि मग शटर उघडल्यावर खरी. दोन्हीमधलं अंतर इतकं कमी असतंय की आपल्या डोळ्याला एकच दिसतंय. माझा स्लेव्ह एस१ वर होता, तो बिचारा पहिल्या चमकीलाच उडून बसला, शटर उघडलं तेव्हा तो रिकामा. म्हणून लक्षात ठेवा, फ्लॅश डोळ्याला दिसतोय पण फोटोत उतरत नाही, तर पहिला संशय ह्या प्री-फ्लॅशवर घ्यायचा, ट्रिगर बिघडला म्हणून दुकानात पळायचं नाही. मी पळालो होतो.

उपाय तीन. पॉप-अप मॅन्युअलवर टाका, निकॉनच्या डी३३००, डी५३०० सारख्या साध्या कॅमेऱ्यात पण मेनूत बिल्ट-इन फ्लॅश कंट्रोलमध्ये ते सापडतंय, एकदम खालची पॉवर ठेवा आणि बाहेरचा एस१ वर. मॅन्युअल नसंल तर बाहेरचा फ्लॅश एस२ वर ठेवा, तो पहिली चमक सोडून दुसरीला उडतोय. आणि एस२ पण नसंल तर कॅननवाल्यांसाठी एक युक्ती, चांदणीचं बटण दाबायचं, त्यानं प्री-फ्लॅश आधीच उडून जातोय (बाहेरचा पण एकदा उडंल, उडू दे), दोन-तीन सेकंद थांबून त्याला भरू द्यायचं, मग फोटो मारायचा. समोरच्या माणसाला वाटतंय दोन फोटो काढले. रेड-आय रिडक्शन बंद ठेवा, ते आणखी चमका मारतंय.

पॉप-अपचा स्वतःचा उजेड तोंडावर पडायला नको असंल तर जुन्या स्टुडिओवाल्याकडनं रंगीत निगेटिव्ह रोलचं सुरुवातीचं काळंकुट्ट टोक मागून घ्या, धुतलेलं पाहिजे, त्याचे दोन पदर पॉप-अपवर चिकटवा. दिसणारा उजेड जवळजवळ सगळा अडतोय पण इन्फ्रारेड आरपार जातंय, आणि स्लेव्हचा डोळा इन्फ्रारेड बघतोयच. ब्लॅक अँड व्हाइटच्या रोलनं हे होत नाही, त्यात चांदी असतीय ती सगळंच अडवती. हा जुगाड मला एका म्हाताऱ्या स्टुडिओवाल्यांनी सांगितला, त्यांच्याकडं अशी टोकं डबाभर पडून होती.

पण हा मार्ग खोलीतच चालतोय. पांढऱ्या भिंती असल्या तर फ्लॅश पाठमोरा असला तरी उजेड भिंतीवरनं उसळून डोळ्यात जातोय. उघड्यावर दुपारच्या उन्हात डोळा आंधळा होतोय, चार-पाच मीटरच्या पुढं भरवसा नाही. आणि लग्नात तर विचारूच नका. एस१ वरचा फ्लॅश कुणाच्याही चमकीला उडतोय. अक्षता पडताना मुलीकडचा फोटोग्राफर वेगळा, मुलाकडचा वेगळा, वर एखादा हौशी पाहुणा, सगळ्यांच्या प्रत्येक चमकीला माझा फ्लॅश आपला देवाला नारळ फोडल्यासारखा उडतोय, मला पाहिजे तेव्हा मात्र रिकामा. शेजारी बसलेल्या एक आज्जी म्हणाल्या, "ते बघ की रे, तुझं दिवं आपआपलंच उडूलालंय." खरंच होतं ते.

निकॉनचे डी९०, डी७०००, डी७५० आणि कॅननचे ६००डी, ७००डी, ६०डी, ७०डी असले कॅमेरे असतील तर एक सुदैव, ह्यांचा पॉप-अप त्याच कंपनीच्या फ्लॅशला टीटीएलसकट, पॉवर कॅमेऱ्यातनं बदलून उडवू शकतोय. उजेडाचाच मार्ग, म्हणून उन्हाची अडचण तीच, पण कुणाच्यापण चमकीला उडत नाही. सेकंड हँड कॅमेरा घेणार असाल तर ही गोष्ट विचारात घ्या.

वायर

वायरीला लोक नाकं मुरडतात पण सगळ्यात इमानदार तीच. ना सेल, ना चॅनल. एका टोकाला कॅमेऱ्यावर बसणारा पाय, दुसऱ्या टोकाला फ्लॅश बसायची जागा, मधे गुंडाळीची केबल. टीटीएल केबल घेतली तर फ्लॅश डोक्यावर असल्यासारखाच सगळं करतोय, हाय स्पीड सिंकसकट (म्हणजे शटर नेहमीच्या मर्यादेच्या वर नेलं तरी फ्लॅश फोटोत उतरतोय). कंपनीची महाग असती, दुसऱ्या मेकची बरीच स्वस्तात येती आणि ती पण चालती. अडचण लांबीची, साधारण हात लांब करून धरण्याएवढीच. गणपतीच्या मिरवणुकीत मला हेच बरं वाटतंय, उजव्या हातात कॅमेरा, डावा हात वर करून फ्लॅश. तिथं स्टँड लावायचा विचार पण करू नका, ढोलपथक येईपर्यंत स्टँड, छत्री आणि तुम्ही, तिघं पण गटारीच्या पलीकडं असणार.

लांब वायर टाकायची असंल तर जमिनीला चिकटपट्टी मारा. कार्यालयात पोरं पळत असतात, एक अडखळला की फ्लॅश खाली आणि पोराचे मामा वर.

रेडिओ, आणि मी केलेली चूक

आता मुख्य. रेडिओ ट्रिगर म्हणजे एक डबी कॅमेऱ्यावर, एक डबी फ्लॅशखाली. ऊन असो, भिंत असो, फ्लॅश मागं लपवलेला असो, उडतोय. स्वस्तातले बरेच ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात, त्यापेक्षा चांगले २.४ गिगाहर्ट्झवर.

मी पहिल्यांदा घेतला तो बाजारात सगळ्यात स्वस्त होता, नाव घेत नाही, नावासारखं त्याला नाव पण नव्हतं. दहातले सात वेळा उडायचा. आता तुम्ही म्हणाल सात म्हणजे बरं की, पण लग्नात मंगळसूत्र घालायचं एकदाच असतंय आणि ते नेमकं उरलेल्या तिनात सापडतंय. मग दुसरा घेतला, तो बरा होता, पण प्रत्येक वेळी पॉवर बदलायला फ्लॅशजवळ चालत जायला लागायचं. मग तिसऱ्यांदा मी तेच घेतलं जे पहिल्यांदा घ्यायला पाहिजे होतं: ज्याच्या पोटातच रेडिओ आहे असा फ्लॅश. तीन खरेद्यांचे पैसे मिळून एक चांगली लेन्स आली असती.

म्हणून माझं सरळ मत. तुमच्याकडं आधीच एखादा चांगला चालणारा फ्लॅश असंल तरच वेगळ्या डबीचा ट्रिगर घ्या. गोडॉक्स सीटी-१६ सारखा १६ चॅनलचा साधा संच हजार-दीडहजाराच्या आसपास मिळायचा, किंवा योंगनुओ आरएफ-६०३, त्याची गंमत म्हणजे दोन्ही डब्या सारख्याच, कुठलीपण पाठवणारी, कुठलीपण घेणारी, त्यामुळं एक बिघडली तर कुठली आणायची हा प्रश्न नाही. आणि फ्लॅशच घ्यायचाय असं असंल तर वेगळ्या डबीच्या नादाला लागूच नका. गोडॉक्स टीटी६०० मध्ये रिसिव्हर आत आहे, वर एक्स२टी ट्रिगर लावला की कॅमेऱ्यापाशी उभं राहून पॉवर कमी-जास्त करता येती, पाच ग्रुप (प्रत्येक ग्रुपमधल्या फ्लॅशची पॉवर वेगळी ठेवायला), ३२ चॅनल. टीटी६०० मॅन्युअल फ्लॅश आहे, टीटीएल नाही, हे माहीत असू दे, पण लांब ठेवून एक्स२टीवर हाय स्पीड सिंक देतोय. फ्लॅश कुठल्यापण कंपनीच्या कॅमेऱ्याबरोबर तोच चालतोय, नुसता वरचा ट्रिगर आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीचा घ्यायचा (सोनीवाल्यांना फ्लॅश कॅमेऱ्यावर पण बसवायचा असंल तर त्यांचा पाय वेगळा, त्यांनी टीटी६००एस बघावा). उद्या कॅमेरा बदलला तर फक्त ट्रिगर बदलतोय. योंगनुओकडं वायएन५६० थ्री आणि फोर असेच पोटात रेडिओ असलेले, सेकंड हँड बरेच फिरत असतात.

इथं बेळगावात सगळं दुकानात मिळंलच असं नाही. कोल्हापूर आणि हुबळी, दोन्हीकडं शंभर-सव्वाशे किलोमीटर, त्यामुळं बरेच जण ऑनलाइनच मागवतात. सेकंड हँड घेताना मात्र हातात घेऊन बघा: फुल पॉवरवर दहा वेळा उडवा, सेलच्या कप्प्यात हिरवं पांढरं काही साठलंय का, पाय हलतोय का, पुढच्या काचेतनं दिसणारी ट्यूब काळी पडलीय का. मिरवणुका-लग्नं मारलेला फ्लॅश वरनं पुसून चकचकीत करता येतोय, ट्यूब पुसता येत नाही.

जोडणी आणि पहिला फोटो

ट्रिगर कॅमेऱ्यावर पूर्ण पुढपर्यंत सरकवा आणि चाक आवळा. अर्धा बसलेला ट्रिगर हे न उडण्याचं सगळ्यात मोठं कारण, मी शपथेवर सांगतोय. दोन्हीकडं चॅनल एकच ठेवा, आणि तो १ ठेवू नका, कारण कारखान्यातनं सगळे १ वरच येतात आणि कार्यालयात दुसऱ्या फोटोग्राफरचा पण तोच असतोय, मग तुमचा फ्लॅश तो उडवतोय आणि त्याचा तुम्ही. फ्लॅश मॅन्युअलवर, आणि साध्या डबीचा ट्रिगर असंल तर फ्लॅशचा ऑटो-स्लीप बंद करा, झोपलेल्या फ्लॅशला बरेचसे स्वस्त ट्रिगर उठवू शकत नाहीत.

कॅमेरा एम मोडवर. शटर १/१२५ किंवा १/१६०, ह्याच्या वर जाऊ नका. कॅमेऱ्याला एक सिंक स्पीड असतोय, बहुतेकांचा १/२०० किंवा १/२५०, त्याच्या वर शटरचे दोन पडदे एका वेळी पूर्ण उघडे नसतात, मधली फट नुसती सरकत जाती, फ्लॅश त्या फटीएवढाच उतरतोय आणि फोटोत खाली किंवा वर काळा पट्टा येतोय. स्वस्त ट्रिगरला निरोप पोचवायला जरा वेळ लागतोय म्हणून आणखी थोडं खाली राहायचं. मिररलेसवाल्यांनी सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, नाहीतर बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश उडतच नाही, आणि स्क्रीन काळी दिसत असंल तर एक्स्पोजर दाखवायची सेटिंग बंद करा.

मोबाइलवरनं हे होईल का असं पोरं विचारतात. मोबाइलचा सेन्सर ओळ-ओळ करून वाचला जातोय, फ्लॅश तर सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच चमकतोय, त्यामुळं जुळत नाही. मोबाइलवाल्यांनी एलईडी लाइट घ्यावा.

आता उजेड बसवायचा कसा ते एका तालमीत घेऊन जाऊन सांगतो. बेळगावच्या बाजूच्या खेड्यातली तालीम, पत्र्याचं छप्पर, एक ट्यूबलाइट, आखाड्यात तांबडी माती. संध्याकाळी सहाची वेळ. वस्ताद म्हणाले, "लवकर काढ बाबा, पोरांचं अंग थंड होतंय." पहिला फोटो फ्लॅश न लावता मारला: आयएसओ ४००, एफ/५.६, १/१६०. जवळजवळ काळा आला, ट्यूबलाइट तेवढी दिसली. मला तसाच पाहिजे होता. मागचा पसारा, लटकवलेल्या चड्ड्या, कोपऱ्यातली सायकल, सगळं गायब. मग फ्लॅश पैलवानाच्या डाव्या हाताला, दीड मीटरवर, त्याच्या डोक्यापेक्षा हातभर वर, पॉवर १/१६ (फुल पॉवरचा सोळावा भाग). उडवला. खांदा पांढराफटक, चेहरा बरा. १/३२ केला. आता खांद्यावर चिकटलेली माती दिसली, मातीतला तेलाचा ओलसरपणा दिसला, दंडावरनं घाम उतरलेली रेघ दिसली. तोच माणूस ट्यूबलाइटखाली नुसता तपकिरी दिसत होता.

मग मागं खिडकीतनं थोडं निळं आभाळ दिसत होतं ते पण पाहिजे झालं. फ्लॅशला हात लावला नाही, शटर १/१६० वरनं १/४० वर आणला. खिडकी उजळली, पैलवान होता तसाच राहिला. हे समजलं की अर्धं काम झालं: शटर कमी-जास्त केलं की आजूबाजूचा उजेड बदलतोय, फ्लॅशचा नाही, कारण फ्लॅश शटरपेक्षा कितीतरी लवकर संपतोय. फ्लॅशचा उजेड ठरतोय त्याच्या पॉवरवर, एफ नंबरवर, आयएसओवर आणि अंतरावर. अंतराचं तर लई मोठं, फ्लॅश दुप्पट लांब नेला की उजेड चौपट कमी. म्हणून पॉवर वाढवत बसण्यापेक्षा स्टँड एक पाऊल पुढं घ्या, सेल पण वाचतात.

वस्तादांनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, "ह्याचा उजवा कान कुठं गेला?" गेला होता खरा, काळोखात. दुसऱ्या बाजूला एका पोराच्या हातात थर्माकोलचा पांढरा तुकडा दिला, कान आला. थर्माकोल मिळाला नाही तर पांढरं धोतर, पांढरी चादर, पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद, काहीपण.

स्टँड, वारा, पाऊस

ट्रिगरवर पैसे वाचवून लोक स्टँड भारीतला घेतात, तसलं उलटं काम करू नका. साधा लाइट स्टँड, वर छत्रीचं ब्रॅकेट, पांढरी छत्री, एवढं पुरे. पण स्टँडच्या पायावर वजन पाहिजे. सिमेंटच्या पोत्याच्या कापडाच्या दोन पिशव्या शिवून घ्या, जाताना रिकाम्या न्यायच्या, तिथं गेल्यावर वाळू नाहीतर दगड भरायचे. मी राजहंसगडावर हे केलं नव्हतं. वर वारा काय असतोय ते गेलेल्याला माहीत, छत्रीनं वारा धरला आणि फ्लॅश स्टँडसकट येळ्ळूरच्या दिशेनं निघाला. पाय तुटला, रेडिओ चालू राहिला. तेव्हापासून उघड्यावर छत्री नाही, पुतण्याच्या हातात बांबू, बांबूच्या टोकाला फ्लॅश. पुतण्या बरा, वाऱ्यात स्वतःच तोल सांभाळतोय, आणि दोन मिसळपाव घेतोय.

आपल्याकडच्या पावसात फ्लॅशवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी उलटी घाला, खालून मोकळी ठेवून. रेडिओ, उजेड दोन्ही त्यातनं जातात. पिशवी पुढच्या काचेला चिकटून देऊ नका, फुल पॉवरवर पाच-दहा वेळा मारला की ती वितळती.

कार्यालयात पिवळे दिवे असले तर फ्लॅशवर फिकट नारिंगी जिलेटीन पेपर लावा, स्टेशनरीच्या दुकानात मिळतोय, नाहीतर माणूस निळसर आणि मागचा मांडव हळद लावल्यासारखा येतोय. लग्नात हळद एकदाच पुरे.

उडंना झालं तर

पहिलं सेल. फ्लॅशमध्ये घड्याळाचे स्वस्त सेल घालू नका, दहा-वीस फोटोत मरतात. एनेलूपसारखे चार्ज होणारे पेन्सिल सेल घ्या, चार फ्लॅशमध्ये, चार खिशात. सीटी-१६ सारख्या काही ट्रिगरमध्ये वरच्या डबीत १२ व्होल्टचा २३ए नावाचा बारका सेल लागतोय, तो लग्नाच्या दिवशी संपला तर घाबरू नका, गाडीच्या रिमोटमध्ये, दाराच्या बेलमध्ये तोच असतोय, घड्याळवाल्याकडं मिळून जातोय.

मग ट्रिगरवरचं टेस्ट बटण दाबा. टेस्टनं उडतोय पण कॅमेऱ्यानं नाही, तर भानगड कॅमेऱ्यावरच्या पायाची: नीट बसला नाही, मधली पिन नाही, किंवा सायलेंट शटर चालू. पायाची टिकली मळली असंल तर पेन्सिलच्या खोडरबरानं घासा. टेस्टनं पण उडत नाही तर चॅनल, सेल, स्लीप. जवळ उडत नाही आणि लांब गेल्यावर उडतोय असं उलटं झालं तर हसू नका, होतंय तसं, एक्स२टीमध्ये अंतराची सेटिंगच आहे, ०-३० मीटर आणि १-१०० मीटर, फ्लॅश मीटरच्या आत ठेवून काम करायचं असंल तर पहिली ठेवा. आणि रिसिव्हर लोखंडी खांबाला चिकटवून बांधला असंल तर तो जरा सोडवून हातभर बाजूला घ्या. खानापूरच्या त्या मांडवाचा खांब पण लोखंडीच होता, रेडिओ असता तरी मी तिथं फसलोच असतो.

घरी आल्यावर ट्रिगरमधले सेल काढून ठेवा. माझ्या दुसऱ्या डबीत ते पावसाळाभर राहिले, आता ती कप्प्यातनं हिरवी झालीय, पोरगी त्याचा मिक्सर करून भातुकली खेळती.